मात्रा मोजत बसलेलं वाद्य

बेथोव्हेनची पाचवी सिंफनी 1808 साली व्हिएन्नात पहिल्यांदा वाजली. तिच्यात ट्रॉम्बोन ही पितळी वाद्यं आहेत, पण ते बोलतात थेट चौथ्या भागात. ब्राम्सच्या पहिल्या सिंफनीतही तेच. तीन भाग संपेपर्यंत ट्रॉम्बोनवादक वाद्य मांडीवर घेऊन मात्रा मोजत बसतात. चर्चमधली प्रार्थना, ऑपेरातलं पाताळ, विजयाचा घोष एवढ्यासाठीच या वाद्याची आठवण व्हायची. आपल्याकडेही ते लग्नाच्या बँडमधूनच ओळखीचं झालं.

जर्मन संगीतकार पाउल हिंडेमिटनं 1941 साली ट्रॉम्बोन आणि पियानोसाठी सोनाटा, म्हणजे अनेक भागांची वादनरचना, लिहिला, तेव्हा त्यानं या वाद्याला अखेरपर्यंत बोलायला लावलं. हा माणूस तरुणपणी फ्रँकफुर्ट ऑपेराच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवत होता आणि पहिल्या महायुद्धात सैन्याच्या बँडमध्ये ढोल. त्यामुळे मागच्या रांगेतली माणसं त्याला जवळून ठाऊक होती. 1936 मध्ये नाझींनी त्याच्या संगीतावर बंदी घातली. 1938 मध्ये तो स्वित्झर्लंडला गेला, 1940 मध्ये अमेरिकेला, आणि येल विद्यापीठात शिकवू लागला. या पळापळीतच त्यानं बासून, ओबो, क्लॅरिनेट, हॉर्न, ट्रम्पेट अशा एकेका वाद्यासाठी सोनाटे लिहिले. या वाद्यांसाठी धड असं काही फारसं लिहिलेलंच नाही, असं त्यानं आपल्या प्रकाशकाला कळवलं होतं. घर सुटलेला माणूस दुर्लक्षित वाद्यांना घर बांधून देत होता, असं मला वाटतं.

ट्रॉम्बोनसाठी लिहिणं सोपं नाही. त्याची नळी सुमारे नऊ फुटांची. सरकत्या भागाच्या सात जागा, प्रत्येक जागेला अर्धा स्वर खाली. त्यावर खूण नसते. जागा हातानं आणि कानानंच सापडते. पियानोवर खालच्या सप्तकातला बी फ्लॅट आणि त्याला लागून असलेला बी म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्या. साध्या ट्रॉम्बोनवर मात्र तेवढ्यासाठी पहिल्या जागेवरून थेट सातव्या जागेवर, हात पूर्ण लांबवून जावं लागतं. बोटांच्या वाद्याची चपळाई इथे उसनी आणून चालत नाही. हिंडेमिटची धून दमदार झेपा घेत चालते, ती या हाताची चाल ओळखूनच.

सोनाट्याचे चार भाग. पहिला धीरगंभीर, रुबाबदार. दुसरा भाग मला सर्वांत प्रिय. तिथे पियानो आपली नाजूक धून पुन्हा पुन्हा नटवतो आणि ट्रॉम्बोन मधूनमधून उत्तर देतो. मोठ्या आवाजाचा माणूस समोरच्याचं बोलणं संपायची वाट पाहतो तसा. तिसऱ्या भागाला हिंडेमिटनं नावच दिलंय, ‘आडदांडाचं गाणं’. जड पावलांचं, छाती काढून चालणारं. पियानोही इथे नुसती साथ करत नाही, खांद्याला खांदा भिडवतो. म्हणून साथीला कच्चा पियानोवादक घेतला, तर सगळा डाव विस्कटतो.

शेवटी सुरुवातीचा रुबाब परत येतो. या साऱ्याला दहा-बारा मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ वाद्य फारसं मांडीवर टेकत नाही.