विश्लेषण : हसवता हसवता वंशभेद समजावता येतो?

अमेरिकी विद्यापीठांत वंशभेदावर बोलायला अनेकदा अभ्यासकाऐवजी विनोदवीराला बोलावले जाते. हे कशासाठी? त्यातून काय साधते?

‘तासाभरात वंशभेद संपवू’

कृष्णवर्णीय विनोदवीर डब्ल्यू. कमाऊ बेल यांनी २००७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एकपात्री प्रयोग सुरू केला. साधारण तासाभरात वंशभेद संपवण्याचे आश्वासन त्याच्या नावातच होते. वेगळ्या वंशाच्या मित्राला सोबत आणले, तर एका तिकिटात दोघांना प्रवेश. असा मित्र आपल्याला आहे का, हा प्रश्न प्रेक्षकाला तिकीट काढतानाच पडे. पुढे बेल याच विषयावर महाविद्यालयांतही बोलू लागले.

विनोदच का?

गंभीर व्याख्यानात गोऱ्या विद्यार्थ्यांना आपल्यावर आरोप होतोय असे वाटते. कृष्णवर्णीयांना तेच ते पुन्हा समजावण्याचा कंटाळा येतो. हशा पिकला की सभागृह सैलावते. ही वाट जुनी आहे. डिक ग्रेगरी यांनी १९६१ मध्ये शिकागोच्या प्लेबॉय क्लबमध्ये दक्षिणेतल्या गोऱ्या पाहुण्यांना वंशभेदावरच हसवले. नंतर ते नागरी हक्क चळवळीत उतरले आणि महाविद्यालयांत व्याख्याने देऊ लागले.

मग अडचण कुठे?

कोण कोणाला हसतो, यात. डेव्ह शपेल यांना एका चित्रीकरणात गोऱ्या सहकाऱ्याचे हसणे खटकले. तो आपल्यासोबत हसतोय की आपल्याला, अशी शंका आली. २००५ मध्ये सुमारे ५ कोटी डॉलरचा करार सोडून ते निघून गेले. सभागृहात एकट्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याचेही असेच होते. विनोद झाला की माना त्याच्याकडे वळतात, आणि हसावे की नाही हे त्याला कळत नाही.

भारतीयांचा संबंध काय?

२०२३-२४ मध्ये अमेरिकेत ३ लाख ३१ हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थी होते. त्यांत मराठी मुलेही आली. ‘द सिम्प्सन्स’मधला दुकानदार अपू इतरांसाठी गंमत होता, पण त्याच्या उच्चारांची नक्कल करून भारतीय वंशाच्या मुलांना शाळेत चिडवले जाई. विनोदवीर हरी कोंडाबोलू यांनी २०१७ च्या माहितीपटात हे मांडले. अपूला आवाज देणारे गोरे अभिनेते हँक अझारिया यांनी २०२० मध्ये ते काम सोडले.

आता काय बदलले?

टेक्सासने जानेवारी २०२४ पासून सरकारी विद्यापीठांतील विविधता विभाग बंद केले. मात्र थोड्या काळासाठी येणारे पाहुणे वक्ते आणि कलाकार यांना कायद्यात सूट आहे. म्हणजे विनोदवीर येऊ शकतो, हशाही पिकू शकतो. पण त्या तासाभरात निघालेला विषय वर्षभर पुढे नेणारा विभाग तिथे उरलेला नाही.