कोड दिसला म्हणून सेन्सर बदलू नका

आम्ही कापडाचे व्यापारी. ताग्यात दोष दिसला तर तो सुताचा आहे की मागाचा, हे आम्ही आधी पाहतो. सगळा माल लगेच परत पाठवीत नाही. मोठ्या मशीनच्या दुरुस्तीतही हीच रीत पाळली नाही तर किती नुकसान होते, हे भिवंडीजवळ आमच्या गोदामाच्या पायाचे खोदकाम चालू असताना आम्हाला कळले.

भाड्याने आणलेल्या पोकलेनच्या पडद्यावर दुपारी लाल दिवा लागला आणि 'एसपीएन १००, एफएमआय ४' असा कोड आला. चालकाने ताबडतोब इंजिन बंद केले. पहिल्या मिस्त्रीने १०० हा आकडा पाहिला. तो ऑईल प्रेशरचा, म्हणून त्याने नवा सेन्सर बसविला. तोच कोड पुन्हा आला. दुसऱ्या दिवशी सल्ला मिळाला की कंट्रोलर, म्हणजे मशीनचा संगणकच गेला आहे, तो बदला. किंमत ऐकून मशीनमालक मटकन खाली बसला. त्याचे मशीन कर्जावर, हप्ता डोक्यावर. इकडे आमचे डंपर आणि मजूर रिकामे. तिसऱ्या दिवशी एक वयस्क ऑटो इलेक्ट्रिशियन आले. हातात एक मल्टिमीटर, एक गेज आणि पान्यांची पिशवी. दीड तासात दोष सापडला. त्यांनी काय केले ते आम्ही शेजारी बसून विचारून घेतले. आपल्या कारागीर बांधवांच्या उपयोगी पडेल म्हणून येथे देत आहोत.

कोडचे दोन भाग

जे-१९३९ हे अमेरिकेतील एसएई या अभियंत्यांच्या संस्थेचे मानक आहे. अनेक कंपन्यांची मशीने या एकाच पद्धतीने कोड दाखवितात. त्यातील पहिला आकडा, एसपीएन, दोष कोठे आहे ते सांगतो. १०० म्हणजे इंजिन ऑईलचे प्रेशर, ११० म्हणजे कूलंटचे तापमान, १६८ म्हणजे बॅटरीचे व्होल्टेज. दुसरा आकडा, एफएमआय, दोष कसा आहे ते सांगतो. ३ म्हणजे व्होल्टेज प्रमाणापेक्षा जास्त, ४ म्हणजे कमी किंवा तार बॉडीला लागलेली, ५ म्हणजे करंट कमी किंवा तार तुटलेली, ६ म्हणजे करंट जास्त.

मात्र १०० सोबत १ आला तर गोष्ट वेगळी. तेव्हा वायरिंग ठीक असून प्रेशरच खरोखर घसरले आहे, असे संगणक सांगत असतो. अशा वेळी इंजिन चालवून पाहणे म्हणजे इंजिन हातचे घालविणे. पहिल्या मिस्त्रीने अर्धाच कोड वाचला, तेथेच चूक झाली.

उस्तादांनी काय केले

त्यांनी आधी डिपस्टिकने ऑईल पाहिले आणि गेज लावून प्रेशर मोजले. प्रेशर बरोबर होते. मग सेन्सरचे कनेक्टर काढले. त्यात तीन तारा असतात : ५ व्होल्टचा पुरवठा, ग्राउंड आणि सिग्नल. कनेक्टर सुटे केल्यावर बहुतेक मशीनवर ४ चा कोड जाऊन ३ चा आला, तर तारा ठीक आणि सेन्सर खराब. येथे ४ तसाच राहिला. म्हणजे सेन्सर निर्दोष होता. नव्या सेन्सरचे पैसे वाया गेले होते.

नंतर बॅटरी सोडवून कंट्रोलरचा प्लगही काढला आणि सिग्नलची तार व बॉडी यांच्यामध्ये रेझिस्टन्स मोजला. तो जवळजवळ शून्य आला. दोन्ही टोके सुटी असूनही तार बॉडीला लागत होती, म्हणजे कंट्रोलरही निर्दोष. हाताने तार चाचपत गेले तेव्हा इंजिनाजवळ एक क्लिप गळून पडलेली दिसली. तेथे वायरिंग लोखंडी पट्टीवर घासून तांबे उघडे पडले होते. तार जोडली, स्लीव्ह चढविली, नवी क्लिप बसविली. कोड पुसून अर्धा तास मशीन जोरात चालविले. कोड परत आला नाही.

क्रम पाळावा

उस्तादांनी सांगितलेला क्रम असा. कोड पुसण्यापूर्वी दोन्ही आकडे वहीत लिहावेत. मग बॅटरी पाहावी. या मशीनमध्ये बहुधा १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. इंजिन बंद असता सुमारे २५ आणि चालू असता २७ ते २८ व्होल्ट मिळावेत. टर्मिनल आणि बॉडीची अर्थिंग पट्टी ढिली असेल तर एकाच वेळी अनेक खोटे कोड येतात. त्यानंतर कनेक्टरमधील पाणी, चिखल आणि वाकलेल्या पिना तपासाव्यात. कंट्रोलर एकमेकांशी बोलत नसतील तर बॅटरी सोडवून कॅनच्या दोन तारांमध्ये रेझिस्टन्स मोजावा. ६० ओहम हवा. १२० आला तर एका टोकाचा रेझिस्टर तुटला आहे किंवा मधली तार तुटली आहे. सुटा भाग बदलणे सर्वात शेवटी.

दोन गोष्टी मात्र करू नयेत. तारेला सुई टोचून तपासू नये. त्या छिद्रातून पाणी शिरते. आणि बॅटरी न सोडविता मशीनवर वेल्डिंग करू नये. त्याने कंट्रोलर जळू शकतो.

धंद्याचा हिशोब

चाकांवर चालणाऱ्या बांधकाम यंत्रांना एप्रिल २०२१ पासून बीएस-४ हे धुराचे नियम लागू झाले. इंजिनावर सेन्सर आणि संगणक वाढले. वायरिंग व बॅटरीचे काम करणारी आपली अनेक मुले ही मशीने पाहून हात आखडतात. पुस्तिका इंग्रजीत असते म्हणून घाबरतात. आमचेही शिक्षण उर्दू शाळेत झाले. पण येथे वाचायचे ते आकडेच, आणि मीटरचा काटा कोणतीही भाषा मागत नाही.

त्या दिवशी उस्तादांनी आपली मजुरी आणि स्लीव्ह-क्लिपचे पैसे तेवढे घेतले. कंट्रोलर बदलला असता तर मशीनमालकाचे अनेक हप्ते त्यात गेले असते, आणि दोष तसाच राहिला असता. आता त्या मालकाच्या तिन्ही मशीनचे काम त्यांच्याकडेच जाते. हुनर आणि खरेपणा एकत्र आले की गिऱ्हाईक शोधावे लागत नाही, हे आम्ही कापडात पाहिले होते. लोखंडातही तेच पाहिले.