प्रतिस्पर्ध्यास लिहिलेलें पत्र

शाळेंतून निवृत्त झालों तरी पत्र लिहून घेण्यासाठीं आमच्याकडे येणारांची वर्दळ अद्याप थांबलेली नाहीं. रजेचा अर्ज, स्थळाची विचारपूस, समाचाराचें पत्र, सोसायटीच्या चिटणिसांस द्यावयाची तक्रार, सर्व कांहीं आम्हीं लिहून दिलें आहे. परंतु गेल्या भाद्रपदांत आमच्या पुतण्यानें जें पत्र मागितलें, त्याचा मसुदा आमच्या संग्रहीं कोठेंच नव्हता. त्याला आपल्या प्रतिस्पर्ध्याकडे त्याचें दुकान विकत मागावयाचें होतें.

दुकान म्हटलें म्हणजे वाचकांच्या डोळ्यांपुढें फळी, तराजू आणि गल्ला उभा राहील. तसलें येथें कांहीं नाहीं. आमचा पुतण्या व सूनबाई डोंबिवलीच्या घरीं भाजणी, मेतकूट, कुळथाचें पीठ तयार करून इंटरनेटवरून विकतात. मागणी फोनवर येते, माल कुरिअरनें जातो. बदलापुरास एक वृद्ध दांपत्य हाच उद्योग यांच्या पूर्वींपासून करीत आहे. त्यांची भाजणी अधिक खमंग, आमचें वेष्टन अधिक देखणें. (हा अभिप्राय आमचा, सूनबाईस तो मान्य नाहीं.) त्या दांपत्याचीं मुलें परदेशीं असतात, आणि गृहस्थांचे गुडघे दुखूं लागल्यामुळें माल वेळेवर जात नाहीं, अशी बोलवा होती. तेव्हां तें दुकान आपणांकडे आलें तर बरें, असें पुतण्याच्या मनानें घेतलें. इच्छा गैर नव्हती. गैर झाला तो आरंभ.

त्यानें रात्रीं साडेदहास व्हॉट्सॲपवर एक ओळ पाठविली : "बिझनेस विकणार असाल तर किंमत कळवा." नमस्कार नाहीं, ओळख नाहीं. सकाळीं उत्तर आलें : "आमचें दुकान अजून चालू आहे." पुतण्यास त्यांत नुसता नकार दिसला, आम्हांस त्यांतील 'अजून' हा शब्द दिसला. आपल्या मिटण्याची कोणी वाट पाहत आहे, असें त्या गृहस्थांस वाटलें असल्यास नवल नाहीं.

भांडवल घरच्या एकत्र ठेवींतून जाणार असल्यामुळें विषय बैठकींत निघाला. आमचे वडील बंधु झोपाळ्यावरून म्हणाले, "विकत कशाला घ्यावयाचें ? चार महिने भाव उतरवा. तीं आपोआप बसतील." दादांचा शब्द घरांत सहसा खालीं पडत नाहीं. त्या दिवशीं मात्र आम्हीं तोंड उघडलें, आणि अमेरिकेंत घडलेली एक हकीकत त्यांना सांगितली.

मार्क लोर आणि विनीत भरारा या दोन बालमित्रांनीं २००५ सालीं न्यू जर्सींत तान्ह्या मुलांचे डायपर इंटरनेटवरून विकण्याचें दुकान काढलें. त्यांच्या कंपनीस पुढें क्विड्सी हें नांव मिळालें. २००९ सालीं ॲमेझॉनच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्यानें दोघांची भोजनाच्या निमित्तानें गांठ घेतली आणि सुचविलें कीं, आमची कंपनी या मालांत उतरण्याच्या विचारांत आहे, तरी तुम्हीं विक्रीचा विचार करावा. दोघांनीं सौजन्यानें नकार दिला. त्यानंतर थोड्याच काळांत ॲमेझॉनवर डायपरचे भाव शेंकडा तीसपर्यंत उतरले. क्विड्सीनें आपला भाव हलवून पाहावा, तों समोरचा भावही त्याबरोबर हले. अखेर नोव्हेंबर २०१० मध्यें ५४ कोटि ५० लाख डॉलरांस सौदा झाला.

"म्हणजे जमलें कीं !" दादा म्हणाले.

जमलें खरें, पण पुढची गोष्ट अशी कीं, २०१७ सालीं ॲमेझॉननें नफा होत नाहीं म्हणून तें दुकान बंद केलें. मधल्या काळांत लोर तेथून बाहेर पडला, ॲमेझॉनशींच झुंजण्यासाठीं त्यानें जेट डॉट कॉम नांवाचें नवें दुकान उभारलें, आणि तें २०१६ त वॉलमार्टनें सुमारें ३३० कोटि डॉलर देऊन घेतलें. धाक घालून दुकान हातीं आलें; दुकानदार मात्र हातीं आला नाहीं. उलट जोडे विकणाऱ्या झॅपोस कंपनीकडे २००५ सालीं ॲमेझॉनचे जेफ बेझोस स्वतः गेले होते. तेथेंही नकारच मिळाला. २००९ सालीं ती कंपनी आली, ती आपल्याच माणसांच्या हातीं व आपल्याच रीतीनें चालेल, या बोलीवर आली. मधल्या वर्षांत ॲमेझॉननें जोड्यांचें निराळें दुकान काढून पाहिलें होतेंच, म्हणून त्यांना साधु ठरविण्याचें कारण नाहीं. परंतु मागण्याच्या दोन तऱ्हा एकाच घराण्यांत पाहावयास मिळतात.

दादांनीं झोपाळ्यास एक झोका दिला. त्यांच्या मौनास आम्हीं संमति मानली.

लिहावयास बसलों तेव्हां धर्मशास्त्रांतील बारा पुत्र आठवले. दत्तक आणि क्रीत हे त्यांत वेगवेगळे मोजले आहेत. दोहोंतही मूल एका घरचें दुसऱ्या घरीं जातें. पण दत्तकांत मान देणाऱ्याचा असतो. जीं माणसें बारा-पंधरा वर्षें पहाटे उठून धान्य भाजीत आलीं, त्यांना क्रीताची भाषा सोसवणार नाहीं. आम्हीं पत्र दत्तक मागणाऱ्याचें लिहिलें.

आधीं त्या रात्रीच्या ओळीबद्दल क्षमा मागितली. मग, आम्ही याच धंद्यांतले, म्हणजे तुमचे प्रतिस्पर्धी आहों, हें उघड सांगितलें. तें लपवून मागाहून कळलें असतें तर सर्व गोडी आंबली असती. तुमची भाजणी मागवून खाल्ली व ती आमच्याहून सरस आहे, हेंही लिहिलें. या वाक्यावर सूनबाई दोन दिवस आमच्याशीं बोलली नाहीं. किंमतीचा आंकडा घातला नाहीं. थोडा घातला तर अपमान, भरपूर घातला तर संशय. नकार आल्यास पुन्हां विचारणार नाहीं, भाव पाडणार नाहीं, आणि ही गोष्ट चारचौघांत जाऊं देणार नाहीं, अशीं तीन वचनें दिलीं. दुसरें वचन पुतण्यास जड गेलें, पण त्यानें सही केली. आम्ही पत्र रजिस्टर करणार होतों. परंतु ती सोय स्पीड पोस्टांत विलीन झाल्याचें खिडकीवर कळलें.

उत्तर अठराव्या दिवशीं आलें, तेंही पोस्टकार्डावर. 'दिवाळीची घाई उरकली कीं यावें. येतांना मास्तरांस आणावें.'

कार्तिकांत आम्ही तिघे बदलापुरास गेलों. पहिला तासभर किंमतीचें नांव निघालें नाहीं. नांव तेंच राहील काय, आणि भाजावयास येणाऱ्या दोन बायकांचें काम राहील काय, एवढेंच गृहस्थांनीं विचारलें. त्यांच्या पत्नी दाराशीं उभ्या होत्या, त्यांनीं विचारलें, "आमचा फोन तुम्ही बंद तर करणार नाहीं ना?" तो प्रश्न भावनेचा वाटला तरी व्यवहाराचा होता. संकेतस्थळाचें नांव एका गुप्त संकेतांकानें दुसऱ्याच्या खातीं जातें; पाकिटावरचा चौदा आंकडी अन्नपरवान्याचा क्रमांक ज्याचा त्याचाच असतो, माल आमच्या घरीं होणार तर आमचाच छापावा लागेल. परंतु निम्म्याहून अधिक मागणी काकूंच्या फोनवर येते. तो क्रमांक हेंच खरें दुकान.

मग वह्या पाहण्याची गोष्ट निघाली आणि गृहस्थ गप्प झाले. त्यांची शंका रास्त होती. सौदा मोडला तर वह्या पाहिलेला प्रतिस्पर्धी सर्व ज्ञान घेऊन घरीं जाणार. म्हणून आधीं गुप्ततेचा कागद केला. प्रथम तीन वर्षांच्या विक्रीच्या नुसत्या बेरजा, नंतर खर्च, आणि गिऱ्हाइकांचीं नांवें-पत्ते सौदा पुरा झाल्यावर, असा क्रम ठरविला. आणि त्या गिऱ्हाइकांस आधीं कळवून. वैयक्तिक माहितीविषयींच्या २०२३ सालच्या कायद्याच्या मुळाशींही संमति हेंच तत्त्व आहे.

वकिलांनीं एक कलम दाखविलें तें मोठें गमतीचें. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याच्या कलम २७ प्रमाणें कोणास धंदा करण्यास मज्जाव करणारा करार निरर्थक ठरतो. अपवाद एवढाच कीं, धंद्याचा नांवलौकिक विकणारानें, घेणारा तो धंदा चालवीत असेपर्यंत, ठराविक स्थानिक मर्यादेंत तसलाच धंदा न करण्याचें कबूल करावें. मर्यादा मात्र न्यायालयास वाजवी वाटली पाहिजे. कलम लिहिणाराच्या डोळ्यांपुढें पेठ होती, चावडी होती. ज्या दुकानाचा माल पुण्यास, नागपुरास आणि न्यू जर्सीसही जातो, त्याची स्थानिक मर्यादा कोठें आंखावी ? वकील विचारांत पडले. काकू म्हणाल्या, "आम्ही नाहीं हो करणार पुन्हां. हात तरी कोठें राहिले आहेत ?" तरीही मर्यादा लिहून घेतली, कारण तोंडच्या शब्दावर पुढची पिढी भांडते.

किंमत चौथ्या भेटींत ठरली. अर्धी आतां, उरलेली दोन हप्त्यांत. आंकडा येथें देत नाहीं. तें आमचें तिसरें वचन आहे.

भाजणीचें प्रमाण मात्र कागदावर उतरेना. "माप हाताला ठाऊक आहे, वहीला नाहीं," असें काकूंचें म्हणणें. त्यामुळें सूनबाई दर शनिवारीं सकाळच्या लोकलनें बदलापुरास जाते, त्यांच्या कढईशीं बसते, आणि संध्याकाळीं केसांत धण्या-जिऱ्याचा वास घेऊन परत येते. आमच्याशीं ती आतां बोलते. फोनचा क्रमांक तूर्त काकूंच्याच नांवें आहे. चैत्रांत बदलावयाचा, असें ठरलें आहे.