हसणे हे औषध आहे का?

१९६४ साली अमेरिकेतील संपादक नॉर्मन कझिन्स सांध्यांच्या असह्य दुखण्याने अंथरुणाला खिळले. विनोदी चित्रपट पाहून १० मिनिटे खळखळून हसलो, की निदान २ तास वेदनारहित झोप लागते, असा अनुभव त्यांनी पुढे लिहिला.

पण एकाच रोग्याचा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे. म्हणून सिडनीतील वृद्धांच्या ३५ शुश्रूषागृहांत पद्धतशीर प्रयोग झाला. काही ठिकाणी विदूषक हसवू लागले. बाकीच्या ठिकाणी नेहमीचीच सेवा चालू राहिली. २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विनोदाने वृद्धांची चिडचिड व अस्वस्थता घटली. खिन्नतेत मात्र लक्षणीय फरक आढळला नाही.

थोडक्यात, हसणे औषधाची जागा घेत नाही. पण आजाऱ्याचा दिवस थोडा सुसह्य होतो, हेही काही थोडे नाही!