गेममधल्या रिक्षाचं तोंड पूर्वेला, पण ती पळते दक्षिणेला! असं का होतं?

गोवंडी स्टेशनबाहेर कुणी रस्ता विचारला, तर तो दोन प्रकारे सांगता येतो. "डावीकडे वळा" किंवा "वेस्टला जा". यातलं 'डावीकडे' हे विचारणाऱ्याचं तोंड कुठे आहे त्यावर बदलतं. वेस्ट मात्र वेस्टलाच राहते.

गेम बनवताना नवशिके हमखास अडकतात ते याच फरकात.

लोकल आणि वर्ल्ड म्हणजे काय?

लोकल स्पेस म्हणजे वस्तूच्या स्वतःच्या दिशा. वस्तू वळली की त्याही वळतात. वर्ल्ड स्पेस म्हणजे अख्ख्या गेमच्या दिशा, त्या कधीच बदलत नाहीत. युनिटी या गेम इंजिनमध्ये एक्स म्हणजे उजवीकडे, वाय म्हणजे वर आणि झेड म्हणजे पुढे. समजायला सोपं जावं म्हणून वर्ल्डचा झेड उत्तर आणि एक्स पूर्व धरू.

मग गडबड कुठे होते?

युनिटीची 'ट्रान्सलेट' ही कमांड वेगळं काही सांगितलं नाही, तर दिशा लोकल धरते. पण 'ट्रान्सफॉर्म डॉट फॉरवर्ड' ही रिक्षाची पुढची दिशा वर्ल्डच्या हिशोबात देते. ती तशीच ट्रान्सलेटला दिली, की रिक्षाचं वळण दोनदा मोजलं जातं. रिक्षा ९० अंश वळून पूर्वेला बघते, पण हिशोब १८० अंशांचा होतो आणि ती दक्षिणेला सरकते.

खरी मेख पुढेच आहे. रिक्षा उत्तरेला बघत असेल, तर दोन्ही दिशा जुळतात आणि सगळं बरोबर चालतं. चूक दिसते ती पहिल्या वळणावर.

उपाय काय?

ट्रान्सलेटला 'व्हेक्टर३ डॉट फॉरवर्ड' द्यायचं. किंवा 'ट्रान्सफॉर्म डॉट फॉरवर्ड'च द्यायचं, पण सोबत 'स्पेस डॉट वर्ल्ड' लिहायचं. दोन्हींची सरमिसळ करायची नाही. अनरियल इंजिनमध्ये तर लोकल आणि वर्ल्डसाठी वेगळ्या कमांडच आहेत.

कधी काय वापरायचं?

रिक्षा किंवा बंदुकीची गोळी आपल्या तोंडाच्या दिशेनं जाते, तिथे लोकल. पाऊस मात्र सरळ खालीच पडायला हवा, ढग कितीही फिरवला तरी. तिथे वर्ल्ड.

आणि कोड लिहून झाला की वस्तू आधी ९० अंश वळवायची, मगच टेस्ट करायची. सरळ उभ्या रिक्षावर चुकीचा कोडही पास होतो.