पन्नासची लेन्स पन्नासचीच राहते

वडिलांच्या कपाटातून निघालेली निकॉरची ५० मिमीची लेन्स कुणी डिजिटल बॉडीला लावायला घेतली, की शेजारचा एक जण हमखास सांगतो, "अरे, ती आता ७५ची झाली. त्यापेक्षा डिजिटलवाली पन्नास घे, ती फिल्मवरच्या पन्नासएवढंच दाखवते." हे मी वर्षानुवर्षं ऐकतोय आणि यापायी उत्तम काचा मातीमोल भावाने गेलेल्या पाहिल्या आहेत. यातली दोन्ही विधानं चूक आहेत.

फोकल लेंग्थ हा लेन्सचा स्वतःचा गुण. काचांची वक्रता आणि मांडणी यांवर ती ठरते. मागे फिल्म आहे की सेन्सर, तो केवढा आहे, याचा तिच्याशी काही संबंध नाही. फिल्मची चौकट ३६ × २४ मिमीची, निकॉनच्या डीएक्स बॉडीतला सेन्सर साधारण २४ × १६चा. लेन्स पूर्वीएवढंच गोल चित्र आत टाकते, छोटा सेन्सर त्याचा मधला तुकडा तेवढा उचलतो. खिडकीचं एक दार लावून घेतलं म्हणून अंगणातला पेरू जवळ येत नाही. कडेचं तुळशीवृंदावन दिसेनासं होतं, इतकंच.

मग ७५ आला कुठून? फिल्मवर ज्यांची नजर तयार झाली, त्यांना नव्या कॅमेऱ्यात किती दिसेल हे सांगायची ती सोय होती. पन्नासची लेन्स फिल्मवर कर्णात सुमारे ४६ अंश पाहते, डीएक्सवर साडेएकतीस. एवढाच कोन फिल्मवर हवा असेल, तर ७५ची लेन्स लागेल. तुलना कोनाची आहे आणि लोकांनी तिची लेन्स करून टाकली!

आता ती 'डिजिटलवाली'. तिच्यावरचा ५० हा आकडाही खरी फोकल लेंग्थच सांगतो. तो दीडने गुणून किंवा भागून छापलेला नसतो. विश्वास बसत नसेल तर घरी करून पाहा. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा, १८-५५ची किट लेन्स ५०वर आणून समोरच्या कपाटाचा फोटो काढा, मग तिथूनच जुन्या पन्नासने काढा. दोन्ही फोटोंत कपाट जवळपास तेवढंच दिसेल. फक्त डीएक्ससाठी केलेल्या लेन्सला छोट्या सेन्सरपुरतं चित्र टाकायचं असतं, म्हणून तिचा आकार लहान ठेवता येतो. फरक तेवढाच.

खुद्द कॅमेऱ्यालाही ५०च हवे असतात. निकॉन डी७०००च्या मेनूत 'नॉन-सीपीयू लेन्स डेटा' आहे, तिथे लेन्सवरचाच आकडा भरायचा. पेन्टॅक्सच्या ज्या बॉडीत हाताचा कंप सेन्सर हलवून सावरला जातो, तिथेही जुन्या लेन्सचा खराच आकडा द्यावा लागतो. ७५ दिलात तर सेन्सर गरजेपेक्षा जास्त हलणार आणि फोटो बिघडणार. आणि मग दोष कुणाला? जुन्या लेन्सला!

दीडचा गुणाकार कामाला येतो तो शटर स्पीडला. हातात धरून काढताना पन्नासला १/५० पुरे हा जुना ठोकताळा डीएक्सवर १/८०वर न्या, कारण तेवढ्याच आकाराच्या प्रिंटसाठी हा छोटा तुकडा जास्त मोठा करावा लागतो आणि हाताचा कंपही तितकाच मोठा होतो. एक्स्पोजरला मात्र हा गुणाकार लावू नका, एफ/१.४ हा एफ/१.४च राहतो.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

"ॲडॅप्टर रिंग लावली की कुठलीही लेन्स बसते." बसते, पण लेन्सच्या बैठकीपासून सेन्सरपर्यंतचं अंतर जुळायला हवं. एम४२ आट्यांच्या लेन्सला ४५.४६ मिमी लागतात. कॅननच्या ईएफ बॉडीत ४४ आहेत, म्हणून मध्ये पातळ रिंग मावते. निकॉनमध्ये मुळातच ४६.५, त्यामुळे साध्या रिंगने दूरचा डोंगर कधीच स्पष्ट येणार नाही.

"जुन्या लेन्सने कॅमेरा जळतो." साध्या मॅन्युअल लेन्समध्ये वीजच नसते. धोका काही जुन्या फ्लॅशचा, त्यांच्या ट्रिगरवर २०० व्होल्टहून जास्त दाब असू शकतो.

"मीटर चालत नाही." निकॉन डी३१००वर चालत नाही, डी७०००वर निकॉनच्या १९७७पासूनच्या एआय लेन्सला चालतं. लेन्स बघून नव्हे, बॉडी बघून बोला.

"फोकस नीट येत नाही, म्हणजे लेन्स गेली." आजच्या फोकसिंग स्क्रीनवर एफ/१.४ची उथळ खोली खरी दिसतच नाही. लाइव्ह व्ह्यू लावा, चित्र मोठं करा आणि मग रिंग फिरवा.

"निकॉनची लेन्स निकॉनला बसणारच." इथे मात्र जपा. १९७७च्या आधीच्या, एआय नसलेल्या लेन्सची रिंग डी७०००सारख्या बॉडीवरची छोटी कळ मोडू शकते. लावण्याआधी ॲपर्चर रिंग बघा. मोठ्या आकड्यांखाली बारीक आकड्यांची दुसरी ओळ असेल, तर लेन्स एआय. एकच ओळ दिसली तर थांबा, आणि आधी जाणत्या कारागिराला दाखवा.