चार दारं, एक ओसरी

2007 साली इंटरनेटवर जरा वावर असलेल्या माणसाची भलतीच पांगापांग झाली होती. फोटो फ्लिकरवर, व्हिडिओ यूट्यूबवर, जपून ठेवलेल्या लिंका डेलिशसवर आणि दोन ओळींची बडबड ट्विटरवर. मित्राचं काय चाललंय हे बघायचं, तर चार दारं ठोठावायची.

गूगलमधून बाहेर पडलेल्या चौघांनी या सगळ्यांसाठी एक ओसरी बांधली: फ्रेंडफीड. जीमेल घडवणारे पॉल बुकहाइट आणि गूगल मॅप्सच्या उभारणीत मोठा वाटा असलेले ब्रेट टेलर त्यांत होते. जोडीला जिम नॉरिस आणि संजीव सिंग. प्रत्येक साइटवरचं आपलं खातं एकदा जोडून दिलं, की तिथली नवी भर आपसूक इथे उतरायची. जुन्या फोटोखाली कुणी कॉमेंट टाकली, की तो फोटो पुन्हा सगळ्यांत वर! लिहायचा कंटाळा असेल, तर नुसतं ‘लाइक’ दाबायचं. ही सोय इथे ऑक्टोबर 2007 मध्येच आली. फेसबुकवर ते बटण यायला फेब्रुवारी 2009 उजाडला.

ब्लॉगवाले मात्र कुरकुरत. लेख आमचा आणि चर्चा परक्याच्या अंगणात!

बड्या कंपन्या नुसत्या कुरकुरत बसल्या नाहीत. वापरणाऱ्याकडून पासवर्ड घेऊन त्याची वेगवेगळी खाती एकत्र दाखवणाऱ्या पॉवर डॉट कॉमला फेसबुकने डिसेंबर 2008 मध्ये कोर्टात खेचलं. फ्रेंडफीडला ऑगस्ट 2009 मध्ये थेट विकतच घेतलं. टेलर पुढच्या वर्षी फेसबुकचे सीटीओ, म्हणजे तंत्रज्ञान प्रमुख, झाले, फ्रेंडफीड मात्र अडगळीत गेलं. तुर्कस्तान आणि इटलीतल्या मंडळींनी तिथला अड्डा बरीच वर्षं जागता ठेवला. एप्रिल 2015 मध्ये तोही बंद झाला.

अशीच दुसरी ओसरी म्हणजे लंडनच्या इयान डॉड्सवर्थ यांचं ट्वीटडेक. त्यात ट्विटरच्या शेजारी फेसबुकचाही रकाना असे. 2011 मध्ये ट्विटरने ते घेतलं, 2013 मध्ये फेसबुकचा रकाना गेला आणि 2023 मध्ये एक्सने, म्हणजे नाव बदललेल्या ट्विटरने, ट्वीटडेकला पैसे लावले. व्हँकुव्हरचं हूटसूट हे अशाच धाटणीचं साधन मात्र तगलं, कारण त्याचं गिऱ्हाईक वेगळं: मित्रांच्या पोस्ट वाचणाऱ्यांपेक्षा स्वतःच्या पोस्ट पसरवणाऱ्या कंपन्यांकडून त्याने पैसे घेतले.

फ्रेंडफीडची एक वस्तू मात्र अजून कामावर आहे. त्याचा सर्व्हर चालवण्यासाठी लिहिलेलं टॉर्नेडो हे सॉफ्टवेअर फेसबुकने सप्टेंबर 2009 मध्ये सर्वांना खुलं केलं. पायथन शिकणारा विद्यार्थी आज ज्युपिटर नोटबुक उघडतो, तेव्हा पडद्याआड तेच राबत असतं.